जावईबापूंचं विमान डावीकडे जातं

विमान आपल्याच घरात आहे, आपल्याच डायनिंग टेबलावर आहे, त्यात आपण पाय दुमडून नीट बसलेलो आहोत, आणि तरीही ते कोसळू शकतं, हे ललितरावांना दसऱ्याच्या संध्याकाळी भरल्या घरासमोर कळलं. सोनं द्यायला आलेली मंडळी होती, शेजारी होते, बायको होती. एवढ्यांसमोर पडायलाही हरकत नव्हती. पण पहिल्या रांगेत, वेताच्या खुर्चीवर, हातात आपट्याची पानं घेऊन सासूबाई बसल्या होत्या, आणि हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता.

पतसंस्थेच्या शाखाधिकाऱ्याला घरात विमान कशाला हवं, असं कुणी विचारेल. ललितरावांच्या बायकोने, सुवर्णाने, ते बरीच वर्षं विचारलं होतं. म्हणजे विमान खरं नव्हे. टीव्हीच्या पडद्यावर उडणारं, पण चालवायला खऱ्यासारखी काठी आणि खऱ्यासारखी पेडलं असलेलं. ललितरावांना ते कधीपासून हवं होतं आणि सुवर्णा ‘कशाला’ एवढं एकच विचारून ते कधीपासून हाणून पाडत होती. शेवटी ‘कशाला’चं उत्तर सापडलं ते सासूबाईंमुळे.

सासूबाई म्हणजे कुसाबाई. मुक्काम दिंडोरीच्या अलीकडचं गाव, घरची द्राक्षबाग, स्वभाव मोकळा, गुडघे कामातून गेलेले. त्यांचा मुलगा राकेश बंगळूरला नोकरीला, आणि त्याला नुकतीच मुलगी झाली होती. बारसं दिवाळीनंतर तिकडेच ठरलं होतं. रेल्वेत एवढा वेळ बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. जवळच्या ओझरच्या विमानतळावरून विमान होतं. पण कुसाबाईंनी विमान हा विषय एका वाक्यात संपवला होता. ज्याला वर धरायला काही नाही आणि खाली टेकायला काही नाही, त्यात आपण बसणार नाही. नातीचं तोंड फोनवर पाहायचं आणि फोन ठेवल्यावर पदराने डोळे टिपायचे, असं चाललं होतं.

ते पाहून ललितराव एक दिवस म्हणाले की, आईंची भीती मी घालवतो. त्यांना घरातच विमानात बसवतो, ओझरहून उडवतो, ओझरलाच उतरवतो. माणूस एकदा डोळ्यांनी बघतो आणि त्याची भीती मोडते. मुद्दा बिनतोड होता. आईचं नाव आल्यावर सुवर्णाला विरोध करता येईना, आणि त्याच आठवड्यात कॉलेज रोडच्या एका मुलाचं वापरलेलं सामान ललितरावांच्या डायनिंग टेबलावर येऊन बसलं. तो मुलगा खराखुरा पायलट व्हायला निघून गेला होता. त्यामुळे सामानाला गुण आहे, असं ललितरावांचं मत झालं.

सामान सोपं होतं. उभी काठी म्हणजे जॉयस्टिक. ती मागे ओढली की विमान नाक वर करतं, काठी कलेल त्या बाजूला कलतं. टेबलाखाली दोन पेडलं, म्हणजे रडर. विमानाच्या शेपटीला एक झडप असते, ती पायांनी हलवायची. हे छोटं पंख्याचं विमान धावपट्टीवर पळताना आपसूक डावीकडे ओढलं जातं, म्हणून उजवं पेडल दाबून त्याला सरळ ठेवावं लागतं. सुरुवातीला ललितरावांनी ओझरची धावपट्टी सोडून इतर सर्व ठिकाणी विमान उतरवलं. पण हळूहळू पाय बसला, हात बसला, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी विमान असं अलगद टेकवलं की सुवर्णाही स्वयंपाकघराच्या दारात येऊन पाहून गेली. ती काही बोलली नाही, पण पाहून गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर याला कौतुकच म्हणतात.

दसऱ्याला कुसाबाई गावाहून आल्या. आता शेतकऱ्याच्या घरी दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा होते, फवारणीच्या पंपाची होते, छाटणीच्या कात्र्यांची होते. जावयाच्या घरी विमान आहे आणि त्याला साधं कुंकूही लागलेलं नाही, हे त्यांना बघवलं नाही. ललितराव झेंडूची फुलं आणायला गेले होते तेवढ्यात त्यांनी यथासांग पूजा उरकली. काठीला हळद-कुंकू लागलं, पडद्याला हार चढला, टेबलापुढे नारळ फुटला. ललितराव परत आले आणि आपल्या विमानाचा तो थाट बघून त्यांना गहिवरून आलं. सासूबाई नुसती भीतीच सोडत नाहीयेत, तर विमानाला आपलं मानू लागल्यात, असा त्यांनी अर्थ काढला.

संध्याकाळी प्रयोग झाला. ललितराव खुर्चीत बसले, इंजिन घरघरलं, ओझरची धावपट्टी पडद्यावर पळू लागली. नेहमीप्रमाणे विमान डावीकडे सरकलं. नेहमीप्रमाणे ललितरावांनी उजवं पेडल दाबलं. पेडल अर्ध्यात अडलं. त्यांनी जोर केला, ते हललं नाही. मग ते खुर्चीवरून अर्धवट उठून अंगाचा सगळा भार उजव्या पायावर टाकू लागले, पण विमानाने कुणाचीच पर्वा न करता धावपट्टी सोडली, कुंपण ओलांडलं आणि पलीकडच्या हिरव्या शेतात घुसून ते उलटं झालं. पडदा लाल झाला.

“कुणाची बाग व्हती ती?” कुसाबाईंनी विचारलं.

ललितरावांनी सांगितलं की ती खरी बाग नाही, चित्र आहे. कुसाबाईंना ते पटलं नाही. आत्ताच छाटणी झाली असेल, घड निघायच्या वेळेला बागेत विमान घातलं, त्या माणसाने आता कुणाच्या तोंडाकडे बघायचं, असं त्या बराच वेळ हळहळत राहिल्या. बंगळूरचा विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. सर्वांत आधी आले ते खालच्या मजल्यावरचे गोटीराम अण्णा. अण्णांनी उभा जन्म एसटी चालवली होती. त्यामुळे ज्याला चाकं आहेत, होती किंवा असू शकतील अशा प्रत्येक वस्तूवर त्यांचा अधिकार चाले. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, पेडलांवर टिचकी मारली, चहा मागवला आणि निदान केलं की गाडी डावीकडे ओढते म्हणजे अलाइनमेंट गेलंय. तसं नसेल तर डाव्या चाकात हवा कमी आहे. विमान टीव्हीत आहे, असं ललितरावांनी नम्रपणे सांगितलं, तेव्हा अण्णा म्हणाले की टीव्हीत असलं म्हणून काय झालं, हवा हवाच असते. आणि इतकंच अडलं असेल तर टेबलासकट उचलून ओझरला नेऊन दाखवावं, तिथं विमानंच बनवतात. घराजवळच्या पाथर्डी फाट्यावरून रिक्षात पेडलं मांडीवर घेऊन आपण विमान कारखान्याच्या दरवाजाशी उभे आहोत, असं चित्र ललितरावांच्या डोळ्यांपुढे तरळलं आणि ते शहारले.

मग त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी पेडलांची वायर काढून परत लावायला सांगितली. लावली. काँप्युटर बंद करून चालू करायला सांगितला. केला. मग त्यांनी विचारलं की वस्तू आपण स्वतः घेतली आहे का. ललितराव सरळ माणूस, ते म्हणाले, वापरलेली घेतली. त्यावर बाईंचा आवाज एकदम सहानुभूतीचा झाला. मूळ मालकानेच तक्रार करावी लागेल, असं त्या म्हणाल्या. मूळ मालक सध्या खरं विमान चालवायला शिकतोय आणि फोन उचलत नाही, हे ललितरावांनी त्यांना सांगितलं नाही. फोन ठेवण्यापूर्वी बाईंनी आपल्या सेवेला किती तारे द्याल म्हणून विचारलं, तेव्हा मात्र ते पुरते खचले.

त्यातच सोसायटीच्या सेक्रेटरी शुभांगीताई आल्या. भरदुपारी इंजिनाची घरघर आणि आपटल्याचे आवाज येतात, अशी तक्रार होती. आणि सदनिकेत विमान प्रशिक्षण वर्ग चालवायचा तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्ग नाही, असं ललितरावांनी परोपरीने सांगितलं. ताई म्हणाल्या, मग तसं लिहून द्या. ललितरावांनी लिहून दिलं की माझ्या सदनिकेत कोणतेही विमान नाही व भविष्यात ठेवण्याचा विचार नाही. सही करताना त्यांना स्वतःचीच कीव आली.

पेडलं फरशीवर सरकत असावीत म्हणून खाली सतरंजी घालावी, असं अखेर सुवर्णाने सुचवलं. ललितरावांनी पेडलं उचलली, आणि उजव्या पेडलाखालच्या पोकळीतून एक लिंबू घरंगळत बाहेर आलं. सुकलेलं होतं, कुंकू लागलेलं होतं. दोघं नवराबायको त्याच्याकडे बघत राहिले. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, हे दोघांनाही माहीत होतं. विमानाची चाकं कुसाबाईंना कुठे दिसली नसणार, म्हणून जिथे पाय टेकतात तिथे त्यांनी ते श्रद्धेने सारलं असणार. सुवर्णाने लिंबू पदराआड स्वयंपाकघरात नेलं. आईला उगाच वाईट वाटेल, असं ती म्हणाली, आणि बिघाड सापडल्याच्या आनंदात ललितराव लगेच कबूल झाले. त्यांनी उडवून पाहिलं. विमान सरळ धावलं, सरळ उडालं, सरळ उतरलं. ललितरावांनी रविवार सकाळचा दुसरा प्रयोग जाहीर केला.

रविवारी सगळे पुन्हा जमले. शुभांगीताईही आल्या, पण आपण खासगीत आलो आहोत असं त्यांनी आधीच स्पष्ट केलं. ललितराव बसणार तोच कुसाबाई ताट घेऊन पुढे झाल्या. मागच्या वेळी पूजेत काहीतरी राहिलं असेल, म्हणून तसं झालं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांनी जावयाला कुंकू लावलं, काठीला लावलं आणि दोघांवर मूठभर अक्षता टाकल्या. ललितरावांनी वाकून नमस्कार केला. त्या वेळी त्यांना खरोखरच एखाद्या मोहिमेवर निघाल्यासारखं वाटत होतं.

विमान सुंदर उडालं. धावपट्टी मागे पडली, खाली शेतं पसरली, आणि कुसाबाईंनी आपलं गाव कुठे दिसतंय का म्हणून चक्क पुढे वाकून पाहिलं. सुवर्णाने नवऱ्याकडे अभिमानाने बघितलं. त्या एका नजरेने घात केला. तिकडून सरळ ओझरला उतरायचं सोडून ललितरावांना गंगापूर धरण दाखवायची हौस आली. धरणापर्यंत ते नीट गेले. धरणावर त्यांनी दिमाखात डावीकडे वळण घेतलं आणि काठी पुन्हा सरळ करू लागले, तर ती सरळ होईना. डावीकडे कललेली काठी तिथेच रुतली. विमान धरणावर घिरट्या घालू लागलं. दरेक घिरटीला पाणी जवळ येत होतं. ललितरावांनी एका हाताने ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं, गोटीराम अण्णांनी उठून तिसरा हात लावला, आणि विमान सर्वांदेखत धरणात बुडालं.

“प्यायचं पाणी आहे ते शहराचं,” अण्णा म्हणाले.

या वेळी कुसाबाई हळहळल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या आणि त्यांनी राकेशला फोन लावला. तुम्ही बारसं करून घ्या, मला फोनवर दाखवा, एवढंच त्या बोलल्या. मग त्यांनी पिशवी भरायला घेतली. नातीसाठी शिवलेलं टोपडं त्या इथे आल्यापासून उशाशी ठेवत होत्या. ते त्यांनी घडी घालून पिशवीच्या तळाशी घातलं आणि वर लुगडी ठेवली. दारातून ललितरावांनी हे पाहिलं. इतका वेळ त्यांना स्वतःच्या अब्रूचं पडलं होतं. आता मात्र अब्रू मागे पडली. आजी नातीपर्यंत पोचावी म्हणून मांडलेला हा खेळ, आणि त्यानेच तिची वाट बंद केली होती.

त्या तिरीमिरीत त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि काठी उघडली. बुडाशी कडेने सैल झालेलं रबराचं बूच होतं. ते काढल्यावर आत, दांडा जिथे फिरतो नेमक्या त्या खाचेत, तांदळाचा एक दाणा आडवा बसला होता. लाल, कुंकवातला. सुवर्णाने तो चिमट्याने काढला आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. काठी लगेच मोकळी झाली.

ललितरावांचा चेहरा उजळला. हा नुसता दाणा नव्हता, त्यांचं निर्दोषत्व होतं. बागेतलं विमान, धरणातलं विमान, अण्णांचं अलाइनमेंट, सोसायटीतली कुजबुज, लिंबाचं नाव न काढताही सगळ्याला एका दाण्यात उत्तर होतं. सुवर्णा ‘अहो’ म्हणेपर्यंत ते मूठ मिटून बाहेरच्या खोलीत पोचले होते. तिथे अण्णा आणि शुभांगीताई चहा घेत होते, आणि कुसाबाई पिशवी पायाशी ठेवून बसल्या होत्या. ललितरावांनी घसा साफ केला. पण आधी कुसाबाईच बोलल्या.

“जावईबापू, एक खरं सांगा. ते यंत्रच तसं हाय, का तुम्हाला चालवता येत नाय?”

“का हो, आई?”

“नाय, यंत्रात कायबाय अडकून ते असं पडत असंल, तर खऱ्या इमानातबी अडकंल. त्याला कोन काय करनार? पन चालवनारा कच्चा असंल, तर मंग गोष्ट येगळी.”

मूठ उघडायला आलेले ललितराव तसेच थांबले. हिशेब साधा होता. दाणा दाखवला तर त्यांची अब्रू परत येत होती, आणि सासूबाई आयुष्यात विमानात पाऊल ठेवणार नव्हत्या. शिवाय हा दाणा त्यांच्याच हातचा, हे कळल्यावर त्या काय काय मनाला लावून घेतील कोण जाणे. दारात सुवर्णा उभी होती. चिमटा अजून तिच्या हातात होता.

“हातात काय हाय?” कुसाबाईंनी विचारलं.

“बडीशेप,” ललितराव म्हणाले आणि त्यांनी दाणा तोंडात टाकला. कच्चा तांदूळ, वर कुंकू. त्यांनी तो बडीशेपेसारखा चावला आणि गिळला. मग ते म्हणाले, “यंत्र ठणठणीत आहे, आई. मलाच चालवता येत नाही.”

अण्णांनी कप खाली ठेवला. तरी मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की ड्रायव्हर कच्चा आहे, असं ते म्हणाले, आणि शुभांगीताईंनी मान डोलावली. ललितरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अलाइनमेंटचं काय झालं, असं विचारावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी विचारलं नाही.

कुसाबाई मात्र जावयाकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा सैल होत चालला होता.

“मंग बंगलोरचं इमान तुम्ही नाय चालवनार?”

“नाही.”

“दुसरा मानूस चालवनार? शिकल्याला?”

“चांगला शिकलेला.”

“मंग आधी नाय का सांगायचं?” त्या म्हणाल्या. “मी आपली समजत व्हते, तुम्ही एवढी तयारी करताय, म्हंजी आपल्याला तुम्हीच घेऊन जानार.”

त्यांनी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली, लुगडी बाजूला केली आणि टोपडं वर काढून ठेवलं. मग सुवर्णाला हाक मारून राकेशला फोन लाव म्हणाल्या. त्या दुपारी ललितरावांच्या ताटात पुरणपोळी पडली, आणि तिच्यावर एवढं तूप पडलं की पोळी दिसेना. वाढणारी सुवर्णाच होती.

दिवाळी झाल्यावर तिघं निघाले. खिडकीशी सुवर्णा, मध्ये कुसाबाई, कडेला ललितराव. त्यांची रांग पुढून दुसरी होती. विमान ओझरहून सरळ धावलं, सरळ उडालं, डावीकडे तसूभरही गेलं नाही, आणि कुसाबाईंनी खिडकीतून खाली पाहत तालुक्यातल्या बागा ओळखायला सुरुवात केली. कुणाच्या बागेला पाणी चाललंय, कुणाची फवारणी राहिलीय, हे त्यांना वरून बरोबर कळत होतं. भीती कुठे नावालाही दिसत नव्हती. ललितराव तृप्त झाले. तृप्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की विमानतळावर आपण कौतुकाच्या भरात तीन वेळा चहा घेतला आहे.

स्वच्छतागृह पुढे होतं, वैमानिकाच्या दाराला लागून. ललितराव उठले. मागून त्यांची बाही घट्ट पकडली गेली.

“कुठं निघालात?”

आता सासूबाईंना, तेही चारचौघांत, कारण कसं सांगायचं? ललितराव घरंदाज माणूस. ते म्हणाले, “जरा पुढे जाऊन येतो.”

याहून वाईट वाक्य त्या प्रसंगी सापडलं नसतं. कुसाबाईंनी बाही सोडली तर नाहीच, उलट दुसऱ्या हाताने हवाईसुंदरीला बोलावलं. “बाई, ह्यांला पुढं जाऊ देऊ नका,” त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “मानूस लय गुनाचा हाय, पन ह्यांनी दोनदा पाडलंय.” हवाईसुंदरीला मराठी येत नव्हतं. बाकीच्या विमानाला येत होतं. पुढची रांग मागे वळली आणि मागची रांग उभी राहिली. ललितराव खाली बसले आणि त्यांनी पट्टा लावून घेतला.

त्यानंतर थोड्याच वेळात कुसाबाईंना झोप लागली. मांडीवर टोपड्याची पिशवी, मान एका बाजूला कललेली आणि मुठीत जावयाची बाही. विमानातला एकुलता एक धोका त्यांनी हाताशी धरून ठेवला होता, तेव्हा काळजी कसलीच उरली नव्हती. बाही सोडवायला गेलं तर त्या जाग्या झाल्या असत्या. ललितराव सोडवायला गेले नाहीत. हवाईसुंदरी ट्रे घेऊन आली आणि पाणी हवं का म्हणून तिने हसून विचारलं. ललितरावांनी हळूच मान हलवून नको म्हटलं.